दोन्ही कर्ण

रबाळ्याच्या मागे, नाल्याकडे पाठ करून
हसुराम मढवींची शेड आहे.
खिडक्यांचे गज, गेटांच्या फुल्या,
आणि शनिवार-रविवार एका कोपऱ्यात, भाड्यानं,
माझी आठ बाय साडेचारची चौकट.

कशाला, म्हणून सगळे विचारतात.
बिलिंगमधली हेमांगी म्हणाली, हॉटेलं बंद पडलीत का?
माझ्याकडे उत्तर नाही. मापं आहेत.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात
मी पहिल्यांदा वजनावर असं काही घेतलं
जे शिजवायचं नव्हतं.
पन्नास बाय पन्नासची नळी, तीन एमेम.
किती लांब कापू, म्हणाला,
आणि मी पर्समधून शिवणाची टेप काढली.
तो हसला नाही. हे मी लक्षात ठेवलंय.

पहिलं वेल्डिंग: कबुतर शिटल्यासारखं.
दुसरं तसंच, पण सरळ रेषेत.
तिसऱ्यात नळीला भोक पडलं
आणि त्यातून पलीकडचा टेबलफॅन दिसला.
रात्रभर डोळ्यांत वाळू.
'काच खाली घेतल्याबिगर ठिणगीकडं बघायचं नाय,'
मढवी फोनवर म्हणाले, 'बटाट्याच्या चकत्या ठेव आता.'

तरुणपणी ते मिठागरावर बैलगाडी हाकायचे.
हिच, कपलिंग हे शब्द त्यांच्या तोंडात बसत नाहीत.
ही दांडी. हे जू. बैलाऐवजी तुझी जीप हाय, एवढंच.

आस मी बरोबर मधोमध लावला होता,
किती न्यायानं, दोन्हीकडे सारखं.
त्यांनी मागच्या कडेवर एक पाय ठेवला,
पुढची दांडी हवेत गेली आणि माझ्याकडेच रोखली गेली.
'उलाळ,' ते म्हणाले.
एवढंच बोलून चहाला गेले.

दोन रविवार, सगळं कापून आस सहा इंच मागे.
मग दांडीखाली घरातला वजनकाटा,
ज्यावर उभं राहायचं मी चार वर्षं टाळलंय.
एकोणतीस किलो. दोनशे नव्वदाचा दहावा हिस्सा.
त्या काट्यावर कुणाचं तरी वजन योग्य आलं.

आणि कर्ण.
चारही बाजू जुळल्या तरी चौकट तिरकी असू शकते,
हे सातवीत शिकवलं होतं, तेव्हा पटलं नव्हतं.
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टेप:
एक कर्ण नऊ एमेमनी मोठा.
हातोडा, ग्राइंडर, शिकंजा, परत टेप.
अकरा मार्चला संध्याकाळी सात वाजता
दोन्ही कर्ण सारखे.
मी मढवींना हाक मारली, ते घरी गेले होते.
त्यांच्या कुत्रीला सांगितलं.

नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं,
यातून काय वाहून नेणार?
मला 'झोप' म्हणायचं होतं. 'घरगुती सामान' म्हणाले.

नोव्हेंबर. तळोज्याच्या पुढे, डांबर संपतं तिथून.
पहिला खड्डा झेलला. दुसऱ्यात पाटे कुरकुरले.
तिसऱ्यानंतर मी उतरून एकेक सांधा चाचपला,
ताप आलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवतात तसा.
ओढ्याशी वाट ओली होती.
डावं चाक जमिनीत गेलं, आसापर्यंत,
सावकाश, कुणी बोलावल्यासारखं.

मी स्टिअरिंग धरून बसून राहिले.
टायर नवे होते. सांधे शाबूत होते.
वर्षभर मीच कर्ण, कर्ण करत होते,
चाकानं ऐकलं असणार.

'फळी टाक खाली,' मढवी म्हणाले,
'नायतर निज तिथंच, सकाळी येतो.'
फळी एकच होती, माझ्या अंथरुणाखालची.

पाणसळ तिच्यावर ठेवून बघितली.
बुडबुडा उजव्या टोकाला जाऊन बसला
आणि ठोकलं तरी हलेना.
बाहेर कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा झाला,
मग बेडूक.
आडवी, गुडघे पोटाशी घेऊन,
मी उशी बुडबुड्याकडे नेली.